जिलेबीची ड्यूटी

बुधवारी सकाळी अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आठवी ‘ब’च्या वर्गात सूचना वही आली आणि वर्षाराणी बिराजदारनं ती सही न करता परत पाठवली.

शाळा मुरुडपासून सहा किलोमीटरवर, फाट्यालगत. वही वर्गावर्गांतून फिरवायचं काम शिपाई कोंडाबाईचं. मुख्याध्यापक सूचना लिहितात, शिक्षक उभ्या उभ्या सही करतात, कोंडाबाई पुढच्या वर्गाकडे जाते. एकतीस वर्षांत वही अशी परत गेलेली तिनं पाहिली नव्हती.

“म्याडम, सही ऱ्हायली.”

“राहू द्या, मावशी. सुट्टीत बघते.”

त्या क्षणी वर्षाराणीनं काही ठरवलं होतं असं नाही. सूचना वाचून तिला नुसता राग आला होता. मधल्या सुट्टीत राग उतरला असता आणि सहीही झाली असती.

सूचना क्रमांक एकशे अठरा अशी होती: संस्थेचे अध्यक्ष मा. आप्पासाहेब यांच्या नातीचा विवाह रविवारी आहे, तरी सर्व शिक्षक-शिक्षिकांनी सकाळी नऊ वाजता मंगल कार्यालयात हजर राहून नेमून दिलेली कामे पार पाडावीत. खाली चौदा नावं. कुणाकडे भात, कुणाकडे वरण, कुणाकडे पाणी. बिराजदार मॅडमपुढे ‘जिलेबी’. पंचशीला मॅडमपुढे ‘पार्किंग’. तळाशी मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का.

अध्यक्षांच्या घरच्या कार्याला शिक्षकांनी राबणं या संस्थेत नवीन नव्हतं. पण ते आजवर तोंडी चालायचं. यंदा ऐनवेळी गोंधळ नको म्हणून मुख्याध्यापक रामलिंग सरांनी परीक्षेच्या सुपरव्हिजनसारखी वाटणी केली आणि ती वहीत घातली.

वर्षाराणी शिक्षणसेवक होती. दहा फेब्रुवारीला तिची तीन वर्षं पुरी होणार होती. त्यानंतर तिला कायम करण्याचा प्रस्ताव लातूरला शिक्षण खात्याकडे जायचा आणि त्यावर पहिली सही आप्पासाहेबांची लागायची. ती सही झाली नाही तर तीन वर्षं पाण्यात.

त्या तासाला फळ्यावर ‘हॅव टू’ होतं. गाईडमधलं वाक्य ‘मला विमान पकडावं लागतं’ असं होतं. वर्षाराणीनं ते पहिल्याच दिवशी पुसून टाकलं आणि मुलांना सांगितलं, घरातली वाक्यं आणा. ‘करावं लागतं’ची पाच, आणि ‘करावं लागत नाही’ची पाच.

पहिली पाच सगळ्यांनी आणली होती. आय हॅव टू मिल्क द बफेलो. माय मदर हॅज टू कुक फॉर टेन पीपल. अवर बस हॅज टू वेट फॉर ड्रायव्हर्स टी. दुसऱ्या पाचांपाशी वर्ग अडला होता.

“म्याडम, आमच्या घरी ‘डोन्ट’चं वाक्यच न्हाई,” मागच्या बाकावरून आवाज आला.

“शोध की नीट.”

“लई शोधलं. सगळंच करावं लागतंय.”

पुनम पहिल्या बाकावर बसायची. तिच्याकडे एक होतं: माय ब्रदर डझन्ट हॅव टू वॉश हिज प्लेट. मुली हसल्या, मुलांनी माना खाली घातल्या. मग पुनमनं पुन्हा हात वर केला. वही टेबलावर उघडी असताना तिनं बसल्या जागेवरून ती उलटी वाचली होती.

“अजून एक हाय, म्याडम. अवर मॅडम हॅज टू सर्व्ह जिलेबी ऑन संडे.”

वर्ग हसला. पुनम हसली नाही. तिला वाक्य तपासून हवं होतं.

“बरोबर हाय का, म्याडम?”

एकेचाळीस मुलं बघत होती. वर्षाराणीनं खडू खाली ठेवला.

“वाक्य बरोबर आहे,” ती म्हणाली. “खरं नाही.”

“मग?”

“मग काय? ‘डझन्ट हॅव टू’. लिहून घ्या. तुम्हाला ‘डोन्ट’चं सापडत नव्हतं ना?”

मुलांनी लिहून घेतलं. एकेचाळीस वह्यांत ते वाक्य गेलं आणि दुपारी घरी जेवायला जाणाऱ्यांबरोबर गावात गेलं. त्यानंतर सही करायची म्हणजे आधी एकेचाळीस वह्या खोडायच्या.

अडीच वाजता रामलिंग सरांनी तिला बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. बावीस वर्षं त्यांनी या संस्थेत काढली होती आणि मुलांच्या फीसाठी स्वतःचा खिसा रिकामा केलेला लोकांनी पाहिला होता.

“मॅडम, तुम्हाला मुद्दाम हलकी ड्यूटी दिली. जिलबी. मी बुंदी वाढलोय, वरण वाढलोय, एका साली तर मांडवात कुत्री हाकलत होतो.”

“सर, तुम्ही हे सांगताय की तक्रार करताय?”

सर थोडं हसले. “दोन्ही समजा. सही करा अन् विषय मिटवा. रविवारी ताप आला म्हणून सांगा, मी बघून घेतो.”

“मला ताप येणार नाही, सर.”

तिनं वही ओढली आणि आपल्या नावापुढे लिहिलं: ‘हे काम माझ्या सेवेच्या अटींत नाही. मी येणार नाही.’ खाली सही, तारीख आणि वेळ. दोन वाजून अडतीस मिनिटं.

सरांनी पान बोटात धरलं आणि तसंच सोडलं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात दाखला होता: या वहीत एक ते दोनशे पाने आहेत. पान फाडलं तर एकशे नव्व्याण्णव उरणार होती आणि तपासणीला उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं.

“ही वही तपासणीला खात्याचे साहेब बघतात, मॅडम,” ते हळू म्हणाले.

“म्हणून तर तिच्यात लिहिलं.”

वही तिथून स्टाफरूममध्ये गेली. सात जणांनी निमूट सह्या केल्या. पंचशीला मॅडमनं पान बराच वेळ वाचलं. बारा वर्षं त्यांना प्रत्येक लग्नात पार्किंगच यायचं. पंगतीच्या बाजूला त्यांचं नाव कधी लागलं नव्हतं आणि का, हे कुणी कधी बोललं नव्हतं.

“तुझं बरं हाय, जिलबी तरी मिळाली,” त्या वर्षाराणीला म्हणाल्या. “मला बारा वर्षं गाड्याच. आता तर नंबरावरून पावणे वळखते मी.”

त्यांनी सहीच्या जागी ‘वाचले’ एवढंच लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

घरी, औशात, वडिलांना, सिद्रामप्पांना, बातमी तिच्या आधी पोचली होती. त्यांचं किराणा दुकान बाजारात होतं आणि गिऱ्हाईक सगळीकडचं.

“वाढायला कसली लाज, वर्षा? मठाच्या दासोहात तू दरसाल पंगती वाढतेस की,” ते म्हणाले.

“वाढते. मठात जेवायला कोण येतंय ते बघतसुद्धा नाही मी. पण तिथं माझं नाव वहीत घालून खाली शिक्का मारत नाहीत, अप्पा.”

“नोकरी गेली म्हंजे?”

“मग दुकानात बसते. तुम्ही सांगाल ते वाढते, साखर, तेल, डाळ.”

आई रत्नम्मा आतून बाहेर आली, हात पुसत. “तिला भूक लागली असंल, तिचं पान आधी वाढा,” ती नवऱ्याला म्हणाली. सिद्रामप्पा उठले.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला आप्पासाहेब स्वतः शाळेत आले. रामलिंग सरांच्या खुर्चीवर बसले, सर बाजूला उभे राहिले. आप्पासाहेबांनी आवाज चढवला नाही. तिला ‘पोरी’ म्हणाले, चहा मागवला.

“सिद्रामप्पाला मी चांगला ओळखतो. सज्जन माणूस. एक ताट जिलबी वाढल्यानं तुझं इंग्रजी कमी होतंय का?”

“नाही, आप्पासाहेब.”

“मग?”

“तुम्ही पत्रिका दिली असती तर आहेर घेऊन आले असते. वाढलंही असतं, न सांगता.”

आप्पासाहेबांनी खिशातून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. “ही घे. झालं आता?”

रामलिंग सरांनी श्वास सोडला. वर्षाराणीनं पत्रिका उचलली, नीट वाचली, मुहूर्त बघितला.

“झालं. आता वहीतली सूचना रद्द केली म्हणून खाली लिहा आणि सही करा. चौदाही नावांची.”

“चौदा?”

“मला एकटीला पत्रिका आणि बाकीच्यांना ड्यूटी, असं कसं?”

आप्पासाहेबांनी चहा अर्धा ठेवला.

“संस्थेच्या तीन शाळा आहेत, बाई,” ते उठताना म्हणाले. ‘पोरी’ आता राहिलं नव्हतं. “ही एक, औशाची एक अन् तिसरी हिमायतनगरला. नांदेडच्याही पल्याड. तिकडं इंग्रजीला माणूस लागतोय.”

“तिथली मुलंसुद्धा वाक्यं करतील, आप्पासाहेब.”

ते बाहेर जाऊन गाडीत बसले.

रविवारी लग्न थाटात झालं. चौदांपैकी अकरा जण हजर होते. वर्षाराणी, पंचशीला मॅडम आणि गणिताचे एक सर नव्हते. त्या सरांनी काहीच कारण कळवलं नाही. गाड्या रस्त्यावर आडव्यातिडव्या लागल्या, नवरदेवाची गाडी अर्धा तास अडकली. जिलेबीच्या परातीपाशी रामलिंग सर स्वतः उभे होते.

त्या दिवशी वर्षाराणी औशात घरी बसून आठवी ‘ब’च्या वह्या तपासत होती. ‘करावं लागतं’ची दोनशे पाच वाक्यं भरली, एकही कमी नाही. ‘करावं लागत नाही’ची, तिनं स्वतः सांगितलेलं सोडून, तेवीस. त्यातली एकोणीस भावांबद्दल किंवा वडिलांबद्दल होती. उरलेल्या चारांतलं एक पुनमचं होतं आणि ते वर्गात सांगितलेलं नव्हतं: आय डोन्ट हॅव टू मॅरी ॲट एटीन. वर्षाराणीनं त्याखाली बरोबरची खूण केली. दुसरा शेरा मारला नाही.

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिला संस्थेचा आदेश मिळाला. प्रशासकीय कारणास्तव हिमायतनगर शाखेत बदली, मंगळवारी सकाळी तिथे रुजू व्हावे. रामलिंग सर आदेश देताना तिच्याकडे बघत नव्हते. तिनं पोच दिली, वेळ घातली आणि सूचना एकशे अठराच्या पानाची साक्षांकित प्रत मागणारा अर्ज तिथंच लिहून दिला.

“अर्ज ठेवून घेतो,” सर म्हणाले.

“ठेवू नका. नंबर टाका.”

सरांनी आवक नोंदीचा नंबर टाकला. मग अर्जाची तिच्याजवळची दुसरी प्रत स्वतःच मागून घेतली आणि तिच्यावर, कुणी सांगितलं नसताना, शाळेचा गोल शिक्का मारला.

मंगळवारी सकाळी साडेदहाला ती हिमायतनगरला हजर असायला हवी होती. त्याच वेळी मुरुडजवळच्या या शाळेच्या हजेरीपटावर तिची सही आहे आणि आठवी ‘ब’चा पहिला तास तिनं घेतला आहे. पटावरची सही मुख्याध्यापकांनी खोडलेली नाही, खाली मान्यतेची प्रतिस्वाक्षरीही केलेली नाही. तिला कायम करण्याच्या प्रस्तावावर आप्पासाहेबांची सही अजून झालेली नाही.