वटवाघळांच्या गुहेतला उजेड

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून जो लख्ख चमकतो आणि सगळ्यांना नको त्या वेळी डोळे मिटायला लावतो ना, मित्रांनो, तो मी. फ्लॅश. आता माझं अंग पिवळं पडलंय, एक कोपरा उडालाय आणि पोटातल्या पत्र्याला गंज चढलाय. तरी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला अंधाराची भीती वाटते.

हसू नका. माझं जगणं कसं असतं ते आधी ऐका. पापणी लवायच्या आत माझा उजेड संपतो, आणि तेवढंच मला जग दिसतं. मग पुढच्या चमकेपर्यंत मी ठार आंधळा. नुसतं ऐकत बसायचं. समोर कोण आहे, काय आहे, पुढच्या वेळी काय दिसणार, काही कळत नाही. अशा जिवाला अंधार कसा वाटत असेल, तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या कपाळात काचेची नळी बसवली आणि पाठीवर एक नारिंगी दिवा लावला. अंगात वीज भरायला लागली की मी बारीक शीळ घालतो. वीज पुरती भरली की तो दिवा लागतो. मग पाठीवरचं छोटं बटण दाबलं, की कॅमेऱ्याशिवायही मी चमकतो. हे बटण लक्षात ठेवा. ते नसतं, तर ही गोष्ट सांगायला मी उरलो नसतो, आणि ऐकण्यासारखं काही घडलंही नसतं.

कारखान्यातून मी कॅमेऱ्यांच्या एका दुकानात आलो. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी लांबच लांब लेन्स ऐटीत उभ्या असायच्या. गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी त्यांनाच हात घालायचा. मला कुणी विचारत नसे. एके दिवशी दुकानात मामा-भाची आली. मामाचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे, लग्नाळू मुलामुलींचे, बारशाच्या बाळांचे फोटो काढून त्याचे केस पिकले होते. भाची टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मामाचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून भटकायची. मामाचं पोट फोटोंवर चालायचं, भाचीचं मन.

"ही लेन्स घ्या ताई," दुकानदार म्हणाला. "झाडावरच्या पाखराच्या पापण्या मोजाल!"

"दाखवा, दाखवा," भाची लगेच म्हणाली. मामाने मात्र तिला अडवलं. "आधी मला सांग, तुला फोटो कशाचे काढायचेत?"

"वटवाघळांचे," भाची म्हणाली.

दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मला दिसला नाही, पण त्याच्या हातातून लेन्सचं झाकण खाली पडल्याचं ऐकू आलं.

"मग लांबचं काही कामाचं नाही," मामा म्हणाला. "दुकानात आलं की सगळे आधी कॅमेरा निवडतात, मग काय काढायचं ते शोधत बसतात. तू विषय निवडलायस ना? तुझा विषय अंधारात राहतो. उजेड विकत घे."

अशी माझी निवड झाली, मित्रांनो. कपाटातून बाहेर येताना मी लेन्सकडे जरा ताठ मानेनेच पाहिलं असतं, पण तेव्हा मी चमकत नव्हतो.

सुरुवातीचे काही महिने मी स्टुडिओत उमेदवारी केली. मामाने भाचीला मला वापरायचं शिकवलं. "सरळ तोंडावर मारलास तर माणूस चोरासारखा दिसतो. याचं डोकं छताकडे वळव. उजेड वर जाऊन खाली उतरू दे." माझं डोकं वळतं, हे मला तेव्हा कळलं. छतावरून उतरणारा तो मऊ उजेड मला फार आवडायचा. त्यात सगळी खोली एकदम दिसायची, कुणी डोळे चोळायचं नाही. ते दिवस सुखाचे होते.

मग आम्ही त्या गुहेत गेलो.

गावाबाहेरच्या टेकडीत चुनखडीची लांब गुहा होती. तिच्या अगदी आतल्या दालनात हजारो वटवाघळं लटकतात, असं भाचीने ऐकलं होतं. दुपारी स्कूटरवरून दोघं निघाली. मामाच्या थैलीत एक टॉर्च होता आणि माझ्यासाठी जादा सेल होते. "दुसरा टॉर्च घेऊ या का?" असं भाचीने निघताना विचारलं होतं. "अगं, दोघं एकत्रच तर असणार. एक पुरे," मामा म्हणाला होता. तेव्हा खिशात फोन बाळगायचे दिवस नव्हते.

आतलं दालन सापडलं. मी चमकलो आणि पहिल्यांदा वटवाघळं पाहिली. छत दिसतच नव्हतं. नुसती मिटलेल्या छत्र्यांची रांग, आणि त्यांत लहान लहान चकाकणारे डोळे. भाची हळूच "बाप रे" म्हणाली. ती भीती चांगली होती, सर्कशीत वाटते तशी. तिने मोजकेच फोटो काढले. त्या जिवांना फार त्रास द्यायचा नाही, असं तिचं ठरलं होतं.

परतताना मामा पुढे होता, टॉर्च त्याच्या हातात. एका ओल्या उतारावर त्याचा पाय सटकला. मी आधी घसरण्याचा आवाज ऐकला, मग काहीतरी मोडल्याचा, मग पाण्यात काहीतरी बुडाल्याचा. आणि त्यानंतर मामाची किंकाळी. टॉर्च आणि जादा सेलांची थैली खालच्या डोहात गेली होती.

"मामा! मामा, कुठे आहेस?"

"इथंच आहे गं. हलू नकोस. आहेस तिथंच बस." त्याचा आवाज कसातरीच येत होता.

भाचीने चाचपडत माझं बटण दाबलं. मी चमकलो. मामा खाली एका कपारीला टेकून पडला होता आणि त्याचा उजवा पाय असा वळला होता की भाचीने तोंड फिरवलं. पुन्हा अंधार. तो नुसता काळा नव्हता, मित्रांनो. अंगावर ओलं घोंगडं टाकावं तसा होता. डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. दोघांपैकी कुणी विडी-सिगारेट ओढत नव्हतं, त्यामुळे साधी काडेपेटीही नव्हती.

ती सरपटत मामापाशी गेली. तिने त्याला उठवून पाहिलं. तो उभा राहायचा प्रयत्न करताना एवढ्या जोरात ओरडला, की आत दूरवर वटवाघळं फडफडली. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती, कारण मी कॅमेऱ्यासकट तिच्या छातीवरच लोंबत होतो.

"तुला एकटीला जावं लागेल," मामा म्हणाला.

"मी तुला सोडून कुठेही जाणार नाही."

"मग दोघं मिळून इथंच बसू या. कुणाला सांगून आलोय आपण?"

कुणालाच सांगितलं नव्हतं. भाची रडायला लागली. मामाने तिला थोडं रडू दिलं.

"फ्लॅशमध्ये सेल आहेत ना? बटण दाब, चौकट बघ, डोळ्यांत धरून ठेव. जेवढं आठवतंय तेवढंच चाल. मग पुन्हा दाब. उधळपट्टी करू नकोस."

"मामा, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," मामा म्हणाला. "पण मी कुठे पळणार? माझा पाय मोडलाय. तू जा."

आयुष्यभर मी लोकांना 'हसा' म्हणायच्या वेळी चमकलो होतो. आता एका माणसाचा जीव माझ्या पोटातल्या चार सेलांवर होता. मला शीळ घालायचीही भीती वाटू लागली.

ती निघाली. सुरुवातीला ती मला समोर रोखून चमकवायची. ओल्या भिंतीवरून माझा उजेड उलटा तिच्याच डोळ्यांत घुसायचा. मग बराच वेळ तिला नुसते हिरवे-जांभळे ठिपके दिसायचे. ती ठेचकाळली, गुडघा फुटला. मग थांबून तिने माझं डोकं वर वळवलं. छत पांढरट होतं. उजेड वर गेला आणि खाली उतरला. सगळी वाट एकदम दिसली, डावीकडचा खड्डासुद्धा. ती पुटपुटत चालायची, "उजवीकडे दगड, मग वाकायचं, मग खड्डा." पुटपुटणं संपलं की पुन्हा मी.

पण आत येताना जी एकच वाट वाटली होती, तिला परतताना तोंडं फुटली होती. एका जागी तीन भोकं दिसली. तिन्ही सारखीच काळी. ती एकात शिरली. ते बुजलेलं निघालं. मागे फिरली. आता आपण नेमकं कुठून आलो, तेही तिला कळेना. तिने मामाला हाक मारली. हाक भिंतींवर आपटून चारी बाजूंनी परत आली. मामाचं उत्तर आलं की नाही, ते मलाही कळलं नाही.

माझी शीळ आता लांबत चालली होती. नारिंगी दिवा लागायला फार वेळ लागत होता. मग तो लागेचना. भाचीने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. ती मटकन खाली बसली. त्या क्षणी मी जेवढा घाबरलो, तेवढा कधीच घाबरलो नाही. माझ्यासमोर तर काळोख होताच, आता माझ्या आतही होता.

मग तिने माझं पोट उघडलं. सेल काढून, टोकं ओढणीने पुसून, तिने ते दोन्ही मुठींत घट्ट धरले आणि मुठी काखेत दाबल्या. गुहा गार होती. गारठलेले सेल मरगळतात, ऊब मिळाली की थोडा जीव धरतात. कानाजवळ कुणी आहे असं समजून ती बोलत होती, "एकदाच. फक्त एकदाच."

सेल आत गेले. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून शीळ घातली. ती मध्येच अडखळली. पुन्हा सुरू झाली. किती वेळ गेला कुणास ठाऊक, नारिंगी दिवा मिणमिणला. भाचीने बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. त्यानंतर काहीच उरणार नव्हतं.

तेवढ्यात हवेत सळसळ झाली. आधी थोडी, मग खूप. तिच्या केसांना वारा लागला. तिने माझं डोकं वर केलं आणि बटण दाबलं.

वटवाघळं! शेकडो, पंख पसरलेली, एकमेकांना न धडकता, सगळीच्या सगळी मधल्या भोकाकडे निघालेली. बाहेर संध्याकाळ झाली होती, ती पोट भरायला निघाली होती.

मी विझलो. भाची उठली. एक हात भिंतीला, दुसरा पुढे करून ती त्या पंखांच्या वाऱ्यामागून चालू लागली. ती किती पडली, किती वेळा रडली, हे मी फक्त ऐकलं. मग तिच्या पावलांचा आवाज बदलला. खाली पालापाचोळा होता. ती बाहेर आली होती.

रस्त्यावर खडीचा ट्रक घेऊन जाणारा ड्रायव्हर भेटला. त्याने जवळच्या खाणीवरची माणसं आणि कंदील गोळा केले. भाचीला सगळे म्हणत होते, "ताई, तुम्ही बाहेरच बसा." तिने ऐकलं नाही. ती पुन्हा आत शिरली, कारण थोडीफार वाट तिलाच माहीत होती.

मामाचा आवाज लांबूनच ऐकू आला. अंधाराला घाबरून गप्प राहू नये म्हणून तो मोठमोठ्याने बडबडत होता, "हं, हनुवटी जरा खाली. खांदे सैल सोडा काका, पासपोर्टचा फोटो आहे, फाशी नाही!" कंदिलाच्या उजेडात भाची त्याच्या गळ्यात पडली. खाणीवरची माणसं हसत होती आणि नाकं ओढत होती.

मामाचा पाय जोडला गेला, पण तो लंगडू लागला. भाचीच्या अंगावर फक्त ओरखडे होते, ते बुजले. न दिसणारं मात्र बुजलं नाही. ती दिवा लावून झोपायची. आणि फोटोची रील धुवायला डार्करूम लागते, मित्रांनो. रील धुवायच्या डब्यातल्या चक्रीवर चढवताना तिथे लाल दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोख लागतो. गुहेतली रील स्टुडिओच्या खणात तशीच पडून राहिली. "आण इकडे, मी धुतो," असं मामा एकदाच म्हणाला. ती नको म्हणाली. तो पुन्हा म्हणाला नाही.

एका दुपारी ती रील घेऊन डार्करूमच्या दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली. मामा स्टूल ओढत, लंगडत आला. आत जाऊन बसला. "ये," एवढंच म्हणाला. ती आत गेली. दार लागलं. मी बाहेर टेबलावर कान लावून होतो. आतून मामाचं एक अक्षरही ऐकू आलं नाही. बऱ्याच उशिरा रील चक्रीवर चढल्याची कटकट ऐकू आली आणि मग भाचीचा सुस्कारा.

वटवाघळांचे फोटो उत्तम आले. पुढे तिने टेलिफोनची नोकरी सोडून तोच धंदा केला. पण त्या परतीच्या वाटेचा एकही फोटो नाही. ती नुसतं माझं बटण दाबत होती, कॅमेरा बंद होता. ते फक्त तिने आणि मी पाहिलं. म्हणून तर सांगायला बसलो.

नंतर माझ्याहून हुशार फ्लॅश आले. मला कुणीतरी सेलांसकट डब्यात ठेवलं आणि विसरून गेलं. सेल पाझरले, पोट गंजलं. राग नाही माझा. पण मित्रांनो, एखादी वस्तू ठेवून देताना तिच्यातले सेल तेवढे काढा, आणि अधूनमधून तिला बाहेर काढून चालवून बघा. आणि तुमच्या घरात कुणी अंधाराला घाबरत असेल, लहान असो की मोठं, तर त्याला 'भित्रा' म्हणू नका. स्टूल घेऊन आत जा. त्याच्याजवळ बसा.