गलबताची पाठ

काळ्या निशाणाचं ते नखाएवढं गलबत... टॅबच्या काचेवर पेटून हळूहळू कलत चाललेलं, आणि ते बुडवलं आपणच, तरी लालासाहेबांना त्याचा आनंद म्हणून होईना. वडूजकडचा माणूस, निम्मा जन्म टँकरची वाट बघण्यात गेला, समुद्र पाहिला तो एकदाच गणपतीपुळ्याला — आणि आता रोज आरमारं बुडवतोय म्हणे! स्टँडवर कुणाला सांगितलं तर लोक हसून लोळतील.

"आजबी जिंकला की आण्णा! लय भारी," समोरच्या खुर्चीतून प्रांजल म्हणाली.

ती मोबाइलवर, हे टॅबवर. तपासण्यांसाठी सांगलीला आणल्यावर लेकीनंच त्यांना हा खेळ शिकवला, वेळ जावा म्हणून. तेव्हा ती घटकेत त्यांची जहाजं तळाला धाडायची आणि खदाखदा हसायची. लहानपणी गोट्यांतसुद्धा बापाला न सोडणारी पोर ती! मग सोमवारी डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावलं, हे बाहेर बाकावर बसून राहिले... बाहेर आली ती म्हणतच, "काय न्हाई आण्णा, सगळं बरं हाय." आणि तेव्हापासून हे जिंकायलाच लागले.

जत्रेच्या फडात लालासाहेब वर्षानुवर्षं पंच होते. नुरा कुस्तीचा, आधी ठरवून पडायच्या कुस्तीचा, त्यांना लांबून वास यायचा. पाठ मातीला लागायच्या आधीच पडणाऱ्याचा खांदा ढिला पडतो. पोरगी बापाला फसवतेय, आणि बापानं उभा जन्म काय केलं हे विसरलीय!

"आणखी एक डाव," ते म्हणाले.

या खेपेला त्यांनी मुद्दाम थोरलं गलबत फिरवलं आणि त्याची पाठ तिच्या तोफांसमोर धरली. पाठीला तोफ नसते. शेंबडं पोरही असं सावज सोडणार नाही. मार बाई... मार. तू मारलंस, तर मी बरा आहे. तिचा अंगठा काचेवर आला आणि थांबला. पंखा घरघरत होता. खालून भाजीवाला ओरडत गेला. त्यांचे डोळे तिच्या खांद्यावर... आणि खांदा ढिला पडला.

तेवढ्यात तिनं मान वर केली. दोघांची नजर भिडली. तिनं तोफा डागल्या.

"बुडालं! आण्णा, लक्ष कुठाय तुमचं?" ती हसली.

छाती मोकळी झाली — एका श्वासापुरती. कारण आधी तिनं माझ्याकडं पाहिलं... पाहिलं, आणि मग मारलं. ओळखलं तिनं? की माझ्याच मनात चोर? हसताना आवाज जरा वर चढला का... की ती हसतेच तशी? संशय काही हटेना, पण त्यातली स्वतःबद्दलची भीती कुठं गेली कोण जाणे. रोज समोर बसायचं, बापाला आज जिंकू द्यावं की बुडवावं हे ठरवायचं, वर हसायचं... लेकराला किती जड जात असेल! विचारून टाकावं का? शब्द ओठांपर्यंत आले.

"हरलो गं पोरी! लय बेकार मारलंस," म्हणत ते मोठ्यानं हसले, आणि आपला खांदा तिला दिसू नये म्हणून टॅब उचलून छातीशी धरला.