घरराखीचा फळा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फळा आहे, आणि माझ्यामुळे एक भला माणूस फसला. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म आष्टीच्या एका पेंटरच्या दुकानात झाला. माझ्या माथ्यावर त्याने पिवळ्या रंगात एका गावच्या दूध संस्थेचं नाव काढलं आणि खालची जागा खडूसाठी काळी ठेवली. संस्थेच्या दारात मी आठ वर्षं उभा होतो. एकदा सचिवाने माझ्यावर लिहिलं, 'नवीन गवताची ठोंबं येत आहेत', आणि दुसऱ्याच दिवशी ती खरोखर आली. तेव्हापासून 'फळ्यावर आलं म्हणजे गावात आलं' असं लोक म्हणू लागले. मला त्याचा फार गर्व होता.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली. जनावरं छावणीत गेली, संस्थेला कुलूप लागलं. मला शाळेने नेलं आणि रस्त्याकडेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं. माथ्यावरचं नाव मात्र कुणी पुसलं नाही.

सातवीला राधाकिशन गुरुजी विज्ञान शिकवत. धडा होता वनस्पतींच्या प्रजननाचा, आणि दाखवायला गावात एक फूल नव्हतं. शाळेच्या बागेत नुसत्या काटक्या उरल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "चला, आपण दुसऱ्या ग्रहावर जाऊ. तिथं बारा वर्षांतून एकदाच पाऊस पडतो. तिथलं झाड कसं असेल आणि त्याला लेकरं कशी होतील, ते तुम्हीच ठरवा."

पोरांना नुसता ऊत आला. सिदूने टँकरमागे पळणारा वेल काढला. त्याचं बी म्हणे टँकरच्या नळाला चिकटून गावोगाव जातं! सगळे पोट धरून हसले. मग शहादेवची लेक बायना उठली आणि तिने माझ्या मधोमध घरराखी काढली. तिचं मूळ रांजणाएवढं, त्यात बारा वर्षांचं पाणी. फुलं उन्हाने करपू नयेत म्हणून ती जमिनीखाली लागतात आणि मुंग्या एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला नेऊन देतात. शेंग फुटली की बी आईच्या सावलीपुरतंच सरकतं आणि तिथेच रुजतं. त्याला पाणी आईच्या मुळातून मिळतं. झाडाशेजारी बायनाने ठळक लिहिलं, 'घरराखी. बारा वर्षं पाऊस नसला तरी दरसाल शंभर शेंगा.'

"पण बायना," गुरुजी म्हणाले, "बी लांब जायला हवं. एकाच जागी दाटी झाली तर रोपं मरतात, धड्यात आहे ना?"

"आपल्याकडं लांब जावं लागतंय, गुरुजी. तिथं न्हाई लागत."

गुरुजींनी तिचं झाड तसंच राहू दिलं. बायनाचे आईबाप दसरा झाला की ऊस तोडायला जात आणि धाकट्या भावाला सांभाळायला बायनालाही जावं लागे. यंदा ती गेली तर सातवी बुडणार हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

सर्वांत खाली गुरुजींनी लिहून घेतलं, 'ही झाडं दुसऱ्या ग्रहावरची आहेत.' संध्याकाळी एक शेळी आली, माझ्यावर मनसोक्त अंग घासून गेली आणि नेमकी तेवढीच ओळ पुसली गेली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

थोड्या वेळाने शहादेव रस्त्याने आला. त्याने आधी माझ्या माथ्यावरचं संस्थेचं नाव वाचलं, मग एकेक अक्षर जुळवत घरराखी वाचली. पुन्हा वाचली. तेवढ्यात ऊसतोडीला मजूर नेणारा बिभीषण मुकादम तिथे आला. आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. शहादेव त्याला म्हणाला, "मुकादम, औंदा आमचा कोयता धरू नका. संस्थेचं नवं बेणं येतंय."

"लई हवेत हायस बे," मुकादम हसला. "उद्या सांजच्याला ट्रक निघणार. मग मागून बोंबलू नको."

हंडा घेऊन निघालेली बायना हे सगळं ऐकत उभी होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ती आली. पुसलेल्या जागी तिने खडू टेकवला, 'ही झाडं' एवढं लिहिलं आणि तिचा हात थांबला. संध्याकाळपर्यंत गप्प राहिलं की ट्रक जाणार होता आणि ती शाळेत राहणार होती. मित्रांनो, मी आयुष्यभर खरेपणाची फुशारकी मारली, पण त्या वेळी मलाही वाटलं, पोरी, नको लिहूस.

तेवढ्यात गुरुजी आले आणि त्यांच्या मागोमाग शहादेवच आला. धुऊन वाळवलेलं रिकामं पोतं त्याच्या खांद्यावर होतं. "गुर्जी, आमच्या वाटचं बेणं देता का?"

बायनाने त्या पोत्याकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "अण्णा, ते खरं न्हाई. ते मी काढलंय. अभ्यासाला."

मला वाटलं, आता पोरीच्या पाठीत रट्टा बसणार. शहादेवने पोतं खाली अंथरलं आणि त्यावर बसला. माझ्यावरच्या झाडाकडे बोट करून म्हणाला, "मला नीट सांग. मुळात पाणी ऱ्हातं कसं?"

बायनाने रडत रडत सगळं सांगितलं. मुंग्या, शेंगा, आईची सावली. तो मन लावून ऐकत होता. "लई ब्येस झाड हाय," म्हणाला आणि उठला. "चल, तुझ्या मायला सांगू. सामान बांधायचंय."

निघताना बायना अर्धी ओळ पुरी करू लागली. शहादेव मागून म्हणाला, "त्यात 'अजून' लिही."

तिने लिहिलं, 'ही झाडं अजून दुसऱ्याच ग्रहावर आहेत.'

संध्याकाळी ट्रक गेला, बायनाही गेली. तिची सातवी बुडाली, आणि मी काहीच करू शकलो नाही. गुरुजींनी घरराखी आणि ती ओळ पांढऱ्या रंगाने गिरवून ठेवली. आता मी शाळेच्या पाण्याच्या टाकीवर झाकण होऊन पडलो आहे. गंजाने संस्थेचं नाव खाल्लं, ओळ अजून वाचता येते.

मित्रांनो, पाणी घेताना मला आपटू नका आणि हलक्या हाताने बाजूला ठेवा. तुमच्यापैकी कुणी शिकून मोठं व्हा आणि ते झाड या मातीत उगवून दाखवा. मग खुशाल या आणि माझ्यावरची ती ओळ पुसून टाका. मी तेवढ्यासाठीच गंजाशी झुंजत थांबलो आहे.