बोहनीचा शब्द

बायको, मिलूदा, गेली हे मिफ्लेहला कळलं तेव्हा त्याच्या हातात चहाचा पेला होता. इस्पितळाच्या फाटकापाशी एक टपरी होती, तिथून त्यानं तो मुद्दाम पुदिना घालून आणला होता. जॉर्डनच्या इर्बिदमध्ये सगळा संसार झाला तरी तिला चहा लागायचा तो तिच्या मोरोक्कोचाच. जिन्यात अरीज, त्यांची लेक, उभी होती. तिनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि पायरीवर ठेवला. त्यावरून त्याला कळलं.

दफन त्याच दिवशी झालं. घरी आल्यावर त्यानं मोरोक्कोला मेव्हण्याला, मोहाला, फोन लावला. मोहा बराच वेळ रडला. मग म्हणाला, "दाजी, आईला मी हे नाही सांगू शकत. तिला कमी ऐकू येतं. तुझी मुलगी गेली, असं मी ओरडून सांगू? तुम्ही या. तुमच्या तोंडून ऐकेल ती."

"येतो. तोवर तिला कळता कामा नये."

"नाही कळणार."

पण व्हिसाच्या कागदांत दिवस गेले. त्यात अरीजनं आईचा फोटो आणि निधनाची बातमी मोबाइलवर टाकली. ती मोरोक्कोतल्या एका मामेबहिणीनं वाचली. बापलेकीचं विमान मर्राकेशला उतरलं तोवर सगळ्या गावाला कळलं होतं, एका म्हातारीला सोडून. मोहानं तिला सांगितलं होतं की मिलूदाचं ऑपरेशन झालंय आणि फोन बिघडलाय. शेजारणींना तो दारातूनच परत पाठवत होता.

"दाजी, उद्या बाजार आहे," विमानतळावर त्याचा फोन आला. "ती अंडी घेऊन जाणारच. तिला अडवणारा अजून जन्माला यायचाय. आसपासच्या सगळ्या गावच्या बाया येतात तिथं. पहिलीच कोणीतरी गळ्यात पडून रडेल, की संपलं."

"आज पोचतो."

"कसे? बस तुम्हाला उद्या दुपारी सोडेल, तीही हमरस्त्यावर."

"गाडी घेतो भाड्यानं."

अरीजनं एका मोठ्या कंपनीची गाडी आधीच ठरवली होती. विमानतळातच त्यांचा काउंटर होता. टाय लावलेल्या कारकुनानं पासपोर्ट पाहिले, हसून स्वागत केलं आणि इथल्या रीतीनं वडीलधाऱ्याला हाज म्हणत विचारलं, "कुठे निघालात, हाज?"

मिफ्लेहनं सांगितलं. डोंगर ओलांडून वारझाझात शहर, तिथून पुढे सासूचं गाव, शेवटी नदीच्या कोरड्या पात्रातून वाट.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "कच्च्या वाटेवर आमची गाडी न्यायची नसते, हाज. टायर फाटला, खालून दगड लागला, तर विमा नाही. अडकलात तर आमचा माणूस येणार नाही. तुम्ही आता स्वतःच सांगितलंत, मी कशी देऊ?"

"हळू नेईन. आयुष्यभर शाळेची बस चालवली आहे मी."

"माझ्या हातात असतं तर दिली असती."

बाहेर आल्यावर अरीज भडकली. "बाबा, नुसतं वारझाझात म्हणायचं आणि सही करायची! एवढं खरं बोलायची काय गरज होती?"

"खोटं बोलायला निघालोय का मी?"

"मग आजीशी आपण इतके दिवस काय बोलतोय?"

तूच बातमी टाकलीस, हे मिफ्लेहच्या ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

एका टॅक्सीवाल्यानं सुचवलं, "कच्च्या वाटेला जायचंय तर बुआज्जाकडे जा. गाड्या जुन्या आहेत त्याच्या, पण चाकं उंच. त्याचं तोंड कडू आहे, तेवढं चालवून घ्या."

बुआज्जाचं दुकान म्हणजे एक शटर आणि आत एक टेबल. तो नुकताच येऊन बसला होता. पांढऱ्या मिशा, डोक्यावर लोकरी टोपी. अरीज मोबाइलमध्ये बघत कुजबुजली, "बाबा, लोकांनी काय लिहिलंय पाहा. गाडी परत घेताना भिंग लावून ओरखडे शोधतो म्हणे."

"शोधू दे. जायला तर देतो ना?"

मिफ्लेह गाडीभोवती फिरला. टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडलं, वाकून खालून पाहिलं, जादा चाक आणि जॅक बाहेर काढून परत ठेवला. बुआज्जा दारात उभा राहून बघत होता.

"सोयरीक जमवायला आलात का, हाज? पोरीचेसुद्धा दात कोणी इतके बघत नाही."

"पोरीला डोंगर चढायचा नसतो."

बुआज्जा हसला. त्याला ती नदीची वाट माहीत होती. डावीकडून धरा, उजवीकडे वाळू आहे, असं त्यानं हात हलवून समजावलं. सही झाली. त्यानं खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मिफ्लेहनं किल्लीकडे हात नेला आणि त्याच्या गावाकडे आभार मानताना कोणालाही म्हणतात तसं, दुकानदाराला, झाडूवाल्याला, भाकरी देणाऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "अल्लाह तुला आफिया देवो."

बुआज्जाचा पंजा किल्लीवर पडला.

"काय बोललात?"

"बाबा!" अरीजनं डोळे मिटले.

तेव्हा मिफ्लेहच्या लक्षात आलं. इर्बिदमध्ये आफिया म्हणजे आरोग्य, अंगातलं बळ. इथं आफिया म्हणजे आग.

"चुकून बोललो, भाऊ. आमच्याकडे त्याचा अर्थ..."

"तुमच्याकडचा अर्थ मला माहीत आहे. टीव्हीवर तुमच्या मालिका बघते बायको." बुआज्जानं किल्ली उचलून खणात टाकली. "पण गाडी तुमच्याकडची नाही ना. गेल्या उन्हाळ्यात याच घाटात माझी एक गाडी जळाली. माणसं उडी मारून वाचली. आणि आज सकाळी बोहनीचं गिऱ्हाईक मला म्हणतं, अल्लाह तुला आग देवो. दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे कुठे बघू? मोठे देत नाहीत."

"मग उद्याची बस."

"उद्या उशीर होईल."

"कशाला उशीर? लग्न आहे का?"

तेवढ्यात मोहाचा फोन वाजला. अरीजनं तो कापला.

मग मिफ्लेह बोलायला लागला, पण बुआज्जाकडे न बघता, खणाकडे बघत. "माझी बायको तुमच्या इथलीच. नवी नवरी होती तेव्हा माझी आई तिला रोज, कणीक मळून झाली की, हेच म्हणायची. ही खोलीत जाऊन रडायची. तुझी आई मला आग लागो म्हणते, म्हणायची. कितीतरी दिवस मला कळेचना की सुनेला झालंय काय. पुढे तीच सगळ्यांना म्हणायला लागली. तिच्या आईशी फोनवर बोलतानाही तोंडून निघून जायचं. मग तिकडून म्हातारी ओरडायची, पाणी, पाणी!"

"पाणी कशाला?"

"आग म्हटलं की पाणी. त्यांचं आपसातलं."

अरीज पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली. आईच्या बोलीत पुटपुटत तिनं गाडीच्या एकेका चाकावर पाणी ओतलं. "पाणी, पाणी." बुआज्जा बघत राहिला. तिचा उच्चार इथलाच होता.

"आणि ती बाई कुठे आहे?" त्यानं विचारलं. "ती का नाही आली?"

"ती गेली," मिफ्लेह म्हणाला. फोनवर मोहाला सांगितलं त्यानंतर हा शब्द त्यानं कुणापुढे उच्चारला नव्हता. "तिच्या आईला माहीत नाही. उद्या बाजारात कळेल. त्याआधी पोचायचंय."

बुआज्जानं टोपी काढली, पुन्हा घातली. "अल्लाह तिच्यावर दया करो," म्हणत त्यानं खण उघडला. किल्ली देताना मात्र बजावलं, "घाटात इंजिन तापलं तर थांबा. आणि हाज, वाटेत कुणाचे आभार मानू नका."

घाटात इंजिन तापलंच. मिफ्लेह थांबला, बॉनेट उघडून उभा राहिला. मोहाचे फोन येत राहिले. आई अंडी पुसून टोपलीत भरतेय. शेजारीण कुंपणापाशी आली होती, हाकलली. आईनं विचारलं, लोक मला बघून गप्प का होतात? अरीज घड्याळ बघायची आणि बापाकडे बघायची, पण लवकर चला म्हणाली नाही. उतारावर इंजिन शांत झालं. नदीच्या पात्रात त्यानं डावी बाजू धरली. दोनदा खालून दगड लागला. बुआज्जा भिंग लावून शोधेल, असं त्याच्या मनात आलं आणि गेलं.

संध्याकाळची उन्हं डोंगरावर चढली होती तेव्हा ते पोचले. सासू, जिला गाव मानानं ल्ला याम्ना म्हणे, दारातच होती, अंड्यांची टोपली शेजारी. मोहा तिच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. अजून तिला कळलं नव्हतं.

तिनं अरीजला जवळ घेतलं, तोंड कुरवाळलं. मग गाडीकडे पाहिलं. मागचं दार उघडायची वाट पाहिली. ते उघडलं नाही.

"झोपली आहे का ती?" तिनं विचारलं.

मिफ्लेह पुढे झाला, तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. जावई इतक्या लांबून गाडी चालवत आलेला. म्हातारीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि लेकीनं फोनवर शिकवलेल्या त्याच्या बोलीत, हसून, मोठ्यानं म्हणाली, "अल्लाह तुला आफिया देवो, बाळा. तुमच्याकडची!"

पाणी, म्हणायला हवं होतं. कोणी म्हणालं नाही. मोहानं टोपली उचलून आत नेली. चटई अंथरली गेली, चहा आला, पुदिना घातलेला.

तिला सांगायचं अजून राहिलं होतं.