रांगेतला खांदा

विमानं उडायच्या आधी रोज सकाळी आम्ही विमानवाहू जहाजाच्या डेकवर रांगेत चालायचो. या कडेपासून त्या कडेपर्यंत, खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून. स्क्रू, तारेचा तुकडा, तुटलेलं बटण, जे दिसेल ते उचलून खिशात टाकायचं. जेटचं इंजिन समोर येईल ते ओढून घेतं, आणि आत गेलेला एक स्क्रू पाती फाडत जातो. म्हणून ज्याचे हात रिकामे त्याने चालायचं, मग तो अधिकारी असो की भांडी घासणारा.

त्या फेरीतच माझी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, व्हायची. माळ डेकवर नेता येत नाही, दोरा तुटला तर मणी हाच कचरा. म्हणून मी बोटांच्या पेरांवर मोजायची. माझं काम इंधनाच्या नळ्यांचं, जर्सी जांभळी.

डिविट रस्क माझ्या डाव्या बाजूला चालायचा. अलाबामाचा, पिवळ्या जर्सीतला. हाताच्या खुणांनी तो विमानं जागेवरून हलवायचा. त्याचा खांदा माझ्या कानाशी यायचा. त्याच्या पलीकडे एली दुमलाव, निळ्या जर्सीतला, विमानांच्या चाकांना साखळ्या बांधणारा. एली माझ्याच मुलखातला, इलोकोसकडचा, बुटका आणि बडबड्या. मला तो मानांग म्हणायचा, म्हणजे ताई. त्याचं ऐकून डिविटही म्हणायला लागला.

"मानांग, तुझ्या देवाला सांगून एलीला जरा उंच कर," डिविट म्हणायचा. "याच्याशी वाकून बोलून माझी मान गेली."

"वाकतोस म्हणून तर तुला स्क्रू दिसतात," एली म्हणायचा. "माझे उपकार मान."

"बोलताना पण खाली बघा रे," मी म्हणायची.

एका संध्याकाळी वळणाऱ्या जेटच्या झोताने डिविटला उचललं. कडेला माणसं झेलायला जाळी असते. तो जाळीच्या वरून गेला. त्याच्या जॅकेटवरचा दिवा लाटांत एकदा दिसला, असं कठड्यावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. हेलिकॉप्टरं फिरली, जहाज फिरलं, मग शोध थांबला आणि आम्ही पुढे निघालो.

डिविट बॅप्टिस्ट होता. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. आमच्यात नऊ दिवस करतात, म्हणून खालच्या प्रार्थनाघरात मी केली. अंधाऱ्या घरात दिवा लावताना कोणी मालकाचा धर्म विचारत नाही.

फेरी पुन्हा सुरू झाली तेव्हा एली सरकून माझ्या शेजारी आला. निदान मला तसं वाटलं. डोळे खाली, ओठांत जप, अंगात फुगीर जॅकेट. डाव्या बाजूने खांदा लागत होता, एवढं पुरे होतं.

मग भोंग्यातून एअर बॉसचा आवाज आला. सगळा डेक ज्याच्या हुकमात चालतो तो हा अधिकारी, वर मनोऱ्यात काचेमागे बसतो.

"डाव्या अंगाला रांगेत जागा मोकळी आहे. जवळ या."

आम्ही सगळेच थोडे सरकलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने नाव घेऊन सांगितलं, "दुमलाव, तुझ्या उजवीकडे. झोपेत आहेस का?"

एली मान वर न करता पुटपुटला, "आणखी किती जवळ जाऊ? मानांगच्या मांडीवर बसू?"

त्याच दिवशी सोल्बर्ग नावाच्या वैमानिकेच्या विमानाने कॅटापल्टकडे, म्हणजे विमान हवेत फेकणाऱ्या यंत्राकडे, जाता जाता एक बोल्ट गिळला. खड खड असा आवाज झाला, इंजिनातून ठिणग्या उडाल्या. ती वेळेवर थांबली, कोणाला लागलं नाही. पण विमान उभं होतं ते डाव्या अंगालाच, आम्ही चालतो त्या पट्ट्यावर.

चीफ थार्पने आम्हा दोघांना बोलावलं. डेकवरच्या पोरांचा तो मुकादम, वाळलेल्या लाकडासारखा माणूस.

"दुमलाव, तुझ्यात आणि अंचेतामध्ये किती अंतर असतं?"

"काहीच नाही, चीफ. तिचा खांदा लागतो मला."

"अंचेता?"

"मलाही लागतो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

चीफने मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्यातलं सकाळचं चित्र पडद्यावर लावलं. रांग दिसत होती, टोपणांसारखी डोकी. माझं डोकं, मग रिकामा डेक, मग एलीचं डोकं. एक माणूस सहज चालेल एवढी जागा. आम्ही चालत होतो आणि ती जागाही आमच्याबरोबर पुढे सरकत होती, ना कमी ना जास्त.

"तुमच्या दोघांच्या मधून मी हातगाडी नेईन," चीफ म्हणाला. "आणि तुम्हाला खांदे लागतात. दुमलाव, मित्र गेला, कळतं मला. तू त्याची जागा राखतोस, तेही कळतं. पण तिथला बोल्ट सोल्बर्गच्या इंजिनात गेला. ती हवेत असती तर? उद्या ती जागा दिसली, तर तू डेकवरून खाली. उरलेली सफर ताटं धू. पिवळ्या जर्सीचं मग विसर."

पिवळ्या जर्सीचं काम एलीला डिविटच शिकवत होता, जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बाटल्या विमानांसारख्या फिरवून.

बाहेर आल्यावर हँगरमध्ये एका विमानाच्या पंखाखाली आम्ही बसलो. स्वयंपाकघरातून मी त्याच्यासाठी भात आणि अडोबो, आमच्याकडचं आंबट मटण, आणलं होतं. त्याने भात दोन भागांत केला आणि एक भाग बाजूला सारला. गेलेल्याला आमच्याकडे असा वाढतात.

"एली," मी म्हणाले, "चित्रात आपण लांब होतो. मग तुला लागत होता तो खांदा कोणाचा?"

"तू सांग. तूच देवाधर्माची."

"मी विचारतेय."

तो भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "शोध थांबला त्या दिवशी मी मागच्या कठड्यावर गेलो होतो. मी त्याला इंतायॉन म्हटलं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. समुद्रावरून घरी निघताना आमच्याकडची म्हातारी माणसं प्रत्येकाचं नाव घेऊन इंतायॉन म्हणतात. चला, निघू या, मागे राहू नका. पाण्यात घाबरलेल्या पोराचा जीव तिथेच रेंगाळू नये म्हणून. पण ती हाक जित्या माणसाला घालायची असते. बुडालेल्याला कोणी चल म्हणत नाही.

"का रे असं केलंस?"

"मग काय करू? जहाज वळलं, मानांग. कोणी त्याला सांगितलं पण नाही की आम्ही जातोय. कुत्र्यालासुद्धा माणूस सांगून निघतो."

"आणि तो आला."

"आला." एली पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला बघवेना. "येऊन कामाला लागला. गाढव आहे नुसता."

"त्याला परत जायला सांगायला हवं."

"परत कुठे? त्या पाण्यात?"

"देवाकडे."

"तुला माहीत आहे तो कुठे जाईल ते? मला फक्त पाणी दिसतं." त्याने ताट सारलं. "मी ताटं धुवेन. मी नाही सांगणार."

"तू खाली गेलास तर तुझ्या जागी दुसरा येईल," मी म्हणाले. "त्याच्या शेजारीही डिविट चालेल. त्या पट्ट्यावर कोणाची नजर पडणार नाही. सोल्बर्ग उडेल, बाकीचे उडतील. ज्याने जन्मभर विमानं सांभाळली, त्याच्या पायाखालचा स्क्रू कोणाला तरी मारेल. हे त्याच्या माथी घालशील?"

एली उठून गेला. मी ताटं उचलली. बाजूचा भात थंड पडला होता.

सकाळी रांग लागली. समुद्र शिशासारखा सपाट होता. चीफ थार्प आमच्या मागे चार पावलांवर, हात पाठीला बांधून. एली डाव्या बाजूला उभा राहिला, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आम्ही निघालो.

थोडं अंतर गेल्यावर खांदा लागला. या वेळी मी जप थांबवला आणि नीट लक्ष दिलं. तो वर होता, माझ्या कानाशी.

"एली, लागतोय," मी हळूच म्हणाले.

"मला पण."

भोंगा खरखरला. एअर बॉस काही बोलायच्या आत एली बोलायला लागला, इलोकानोत, आमच्या बोलीत, आपल्या गावच्या माणसाशी बोलावं तसा. डिविटला तो मानोंग म्हणाला, म्हणजे दादा. डिविटला त्यातले दोन शब्द येत होते.

"मानोंग, चीफ चिडलाय. तुझ्यामुळे मला ताटं धुवायला लावतोय. ऐक. मी तुला चल म्हटलं होतं ना, ते चुकीचं म्हटलं. आम्ही पुढे जातोय. तू येऊ नकोस." तो चालत राहिला. "तू राहा. तुझ्या आईला भेटायला मी जाईन. मिठाच्या बाटल्यांचं पण सांगेन. तू राहा मानोंग. इथेच राहा."

मी पेरांवरचं बोट धरून ठेवलं. माझ्या कानाशी असलेला भार एकदम गेला नाही. एखाद्याने निघताना दारात थांबावं तसा तो थांबला. मग डाव्या बाजूने गार वारा आला, सरळ, मध्ये काही नसल्यासारखा. इतक्या दिवसांत त्या बाजूने मला वारा लागलाच नव्हता, हे तेव्हा कळलं.

एली एक पाऊल आडवं सरकला. त्याचा खांदा माझ्या दंडाला लागला, अगदी खाली, हाडकुळा आणि गरम.

"रांग बरोबर आहे," भोंग्यातून आवाज आला. "चालू द्या."

आम्ही दोघं थांबलो होतो. बाकीची रांग पुढे निघाली. चीफ मागून आला, आमच्या दोघांच्या मध्ये पाहिलं, मग डाव्या कडेपलीकडच्या पाण्याकडे पाहिलं.

"चला, पोरांनो," तो हळू म्हणाला.

एली चालायला लागला. दोन पावलांवर तो खाली वाकला, काही उचलायला वाकावं तसा, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. तिथे डेक स्वच्छ होता.