भरगच्च ट्रे

बेकरीत माझं सारं आयुष्य मागच्या बाजूला, भट्टीसमोर गेलं. पुढे मालक आणि गिऱ्हाइकं, मागे मी आणि धग. मी भाजलेला पाव कोणाला खाताना मी कधी पाहिलं नाही. लोक घ्यायचे आणि घरी न्यायचे. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, कारण माझ्या घरी समोर बसून जेवणारी ही होती. आता ही नाही. जेवताना मी रेडिओ लावतो, म्हणजे घरात कोणीतरी बोलतंय असं वाटतं.

लेक रविवारी येते. गोळ्या आणते, फ्रिज उघडून नाक मुरडते आणि चप्पलही न काढता निघते. पायाला भिंगरीच लागलेली. माझं एवढंच मागणं होतं, की तिने एकदा बसावं, माझ्या हातचं खावं आणि मी ते बघावं. मागे एकदा ती म्हणाली होती, "बाबा, मुलांना तळलेलं नको म्हणून गाजर, बीट, रताळ्याचे फ्राइज ओव्हनमध्ये करते. पण मेले कुरकुरीत काही होत नाहीत." मी मनात म्हटलं, अगं, तुझा बाप भट्टीवर म्हातारा झालाय!

रविवारी सकाळपासून कामाला लागलो. सगळं बोटाएवढं कापलं, रताळी पाण्यात ठेवून फडक्यावर कोरडी केली, तेल, मीठ, मिरपूड चोळली. बीट वेगळं ठेवलं, नाहीतर सगळंच रंगवून टाकतं. मग ट्रे भरला. आणि इथेच हाताने दगा दिला. ट्रेवर जरा मोकळी जागा दिसली की आमचा मालक बेकरी डोक्यावर घ्यायचा. "रिकामा पत्रा भाजायला जळण काय फुकट येतं?" त्यामुळे माझा हात जागा सोडतच नाही. गच्च भरला ट्रे. तरी मूठभर तुकडे उरलेच, ते बाजूला ठेवले.

ओव्हन उघडला तर आत सगळी वाफ. पाव एकमेकांना चिकटून फुगतो, त्यातच त्याची मजा असते. हे बापडे मात्र एकमेकांच्या घामात भिजून लोळागोळा झाले होते. माझाच मला राग आला. तेवढ्यात बेल वाजली.

"अय्या, हे कोणी केलं? तुम्ही?" लेकीने उभ्याउभ्याच एक तोंडात टाकला. "छान आहेत की. जरा मऊ झालेत."

"बस ना. ताट घेतलंय तुझं."

"नको हो बाबा, मुलांचा क्लास सुटेल. डब्यात घाला ना, घरी सगळे मिळून खातील." तिने स्वतःच डबा काढला, भरला, झाकण दाबून लावलं. "पुढच्या रविवारी जास्त करून ठेवा, मी न्यायला येते."

ती जिना उतरून गेली. टेबलावर तिचं ताट कोरंच राहिलं. मला फार एकटं वाटलं, उगाच कशाला लपवू.

उरलेले तुकडे टाकवेनात. तेवढे ट्रेवर पसरले तर दोन तुकड्यांत आपोआपच अंतर पडलं. मालक असता तर शिव्या घातल्या असत्या. मध्ये एकदा उलटले. बाहेर आले तेव्हा कडा तांबूस झाल्या होत्या, आणि दाताखाली असा आवाज आला की मी रेडिओ बंद केला. थोडे होते म्हणूनच साधले होते. एक डब्यात घालून झाकण लावून पाहिलं. लगेच मऊ पडला. मग मात्र मी उठलो आणि लेकीला फोन लावला.

"अगं, जमले! कुरकुरीत झाले!"

"अरे वा! मग पुढच्या वेळी असेच द्या."

"देता येत नाहीत. डब्यात घातले की मेले. इथे बसून, ट्रेमधून गरमागरमच खायचे." मग बोलूनच टाकलं, "तू बस गं एकदा. मला तुला खाताना बघायचंय."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, मुलांची भांडणं ऐकू आली.

"बघते हं, बाबा," ती म्हणाली.

गिऱ्हाइकाला परत यायचं नसलं की ते असंच म्हणतं, एवढं तर मागे भट्टीवर उभ्या राहिलेल्या माणसालाही ऐकू यायचं.