बस वळायची जागा

बोरदरीला बस येत नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. बस येत होती, फक्त गावात येत नव्हती. पालमहून निघालेली लाल गाडी फाट्यावर घटकाभर थांबायची, उतरणाऱ्यांना धुळीत सोडायची आणि पुढच्या गावाला निघून जायची. फाट्यापासून गाव चांगलं दोन-अडीच किलोमीटर आत. दोन्ही अंगांनी तूर नि कपाशी, मध्ये एक ओढा, आणि वाटेत कुणी भेटलंच तर ओळखीचंच भेटेल असा सगळ्यांचा भरवसा. तो भरवसा यंदा श्रावणात मोडला. कॉलेजातून परतणाऱ्या चार पोरींच्या मागे मोटरसायकलवरचे दोन अनोळखी टोणगे ओढ्यापर्यंत आले, एकीची ओढणी ओढली, हसले आणि निघून गेले. तक्रार झाली, पोलीस येऊन चौकशी करून गेले. गावानं मग अशा वेळी गावं करतात तेच केलं आणि पोरींनाच घरी बसवलं.

चौघींतली पंकजा दसऱ्यालाच आईबापांबरोबर ऊसतोडीच्या टोळीत निघून गेली. दोघी घरी बसल्या त्या बसल्याच. चौथी ज्ञानेश्वरी, बारावीची, आणि ती सरपंचाची पोरगी.

सरपंच म्हणजे रुख्मिणी. राखीव जागेवर ती निवडून आली तेव्हा गावाला वाटलं होतं, सह्या ही करील आणि कारभार हिचा नवरा करील. पण रामहरीला स्वतःच्या चार एकरांचाच कारभार झेपत नव्हता, त्यामुळे गावाचा नाइलाज झाला. रामहरी वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि पोरीच्या बाबतीत भित्र्या बापाशी भांडताही येत नाही. त्यानं शांतपणे सांगून टाकलं होतं की गाडी गावात आली तर पोरगी कॉलेजला जाईल, नाहीतर नाही. सेलूचं एक स्थळ सांगून आलं होतं. दिवाळी झाली की ते लोक पाहायला येणार होते, आणि मे महिन्यात पोरीला अठरा पुरी झाली की उरकून टाकायचं असं त्याच्या मनात होतं. रुख्मिणीनं स्वतः सातवीत शाळा सोडली होती. तिला त्या सेलूच्या पाहुण्यांचा चेहराही न पाहता राग आला होता.

त्याच सुमाराला जिल्ह्यातून गावांच्या सुरक्षेसाठी थोडा निधी आला. त्यातून फाट्यावर कॅमेरे बसवा किंवा दुसरं काही करायचं तर ग्रामसभेचा ठराव द्या, असं होतं. रुख्मिणी आधी पालमच्या स्टँडवर गेली, गाडी कुठल्या आगाराची ते विचारून तिथल्या साहेबांना फोन लावला आणि वेळ घेऊन त्यांना भेटली. साहेब भला निघाला. सकाळची आणि संध्याकाळची फेरी गावात वळवतो म्हणाला, पण एक अडचण होती. बोळातून भरलेली गाडी मागं मागं न्यायची, आणि मागं पोरं खेळत असायची, हे तो कुठल्याही ड्रायव्हरला सांगणार नव्हता. गाडी वळेल एवढी मोकळी, पक्की जागा गावानं करून द्यावी. भाऊबीज झाल्यावर त्याचा माणूस येऊन जागा बघेल आणि मग ठरेल.

ग्रामसभेत माजी सरपंच माणिकराव कॅमेऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. शेजारच्या गावात कॅमेरे आहेत, कॅमेऱ्यात सगळं दिसतं, वगैरे त्यांनी सांगितलं. कॅमेऱ्यांचा एक मोठा गुण त्यांनी बोलून दाखवला नाही, तो म्हणजे त्यांच्यासाठी गावात कुणालाच काही सोडावं लागत नव्हतं. रुख्मिणी फार बोलली नाही.

“दिसंल की, मामा,” ती म्हणाली. “पण व्हऊन गेल्यावर दिसंल. पोरीला त्या वाटंनं एकटीनं चालावंच लागू नये, असं कायतरी करू.”

बायका त्या दिवशी बऱ्याच आल्या होत्या. हात वर झाले आणि बसची जागा करायचा ठराव झाला. माणिकरावांनी मात्र त्याला शेपूट जोडलं, की जागा राजीखुशीनं मिळाली पाहिजे, कुणावर जबरदस्ती नको. हे ऐकायला फार चांगलं वाटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माणिकराव घरी जाताना मिशीत हसत होते, कारण ती जागा कुठली हे त्यांना ठाऊक होतं.

गाडी वळेल एवढी जागा गावात एकच होती, वेशीजवळ, शाळेच्या भिंतीला लागून. आणि तिथे पाच घरांचे उकिरडे होते. जमीन गावठाणाची, कागदावर कुणाचीच नाही. पण ज्याच्या आजीनं तिथे शेणाची पहिली पाटी ओतली, त्याची ती जागा झाली, आणि असला हक्क सातबाऱ्यापेक्षा पक्का. भावाभावांत रान वाटलं जातं, विहिरीच्या पाळ्या ठरतात, पण उकिरड्याला कुणी हात लावत नाही. पाचांतला सगळ्यांत जुना आणि मोठा उकिरडा रुख्मिणीच्या घरचाच होता, आणि तो तिच्या सासूचा, बायनाबाईचा होता.

ओढ्याच्या अलीकडे गायरानात उकिरड्यांसाठी नवी जागा आखून झाली. रुख्मिणीनं ठरवलं, आधी आपला उकिरडा हलवावा म्हणजे बाकीचे आपोआप हलतील. तिनं सासूजवळ विषय काढला. बायनाबाई लसूण सोलत होती. तिनं मान वरही केली नाही.

“मह्या उकंड्याला हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.

कामून म्हणून रुख्मिणीनं विचारलंही नाही. जुनी माणसं, जुना हट्ट, असं ती धरून चालली. सासूच्या पुढे तिचं सरपंचपण उंबऱ्याबाहेरच राहायचं. ती मग पाचांतल्याच एका उकिरड्याच्या मालकाकडे, शिवशंकरकडे गेली. त्याची पोरगी अर्पिता पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार होती. तो एका शब्दात तयार झाला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर लावून त्यानं सगळं खत रानात नेऊन टाकलं.

इथंच सगळं फिसकटलं. शिवशंकर हा गावात हुशार म्हणून बदनाम होता. फायदा असल्याशिवाय हा माणूस अंगणातला खडासुद्धा उचलत नाही, मग यानं खत कशासाठी उचललं, यावर पारावर मोठी चर्चा झाली. दोन दिवसांत उत्तर सापडलं. बस येणार म्हणजे स्टँड होणार, स्टँड झालं की गाळे निघणार, आणि ज्याचा उकिरडा तिथे होता त्याला गाळा मिळणार. शिवशंकरनं तर जागा साफसूफ करून ठेवली, त्याला कोपऱ्यावरचा मिळणार. हे कुणी कुणाला पहिल्यांदा सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या आठवड्यात, ज्यांच्या सात पिढ्यांनी वेशीजवळ काडीही टाकली नव्हती अशा घरांतले कर्ते पुरुष पहाटे पाटी घेऊन येऊ लागले. ज्यांनी जन्मात कधी शेणात हात घातला नव्हता ते उकिरडे रचू लागले. एकानं तर म्हशी नसताना पाहुण्यांकडून शेण आणलं. माणिकरावांनी स्वतः काही केलं नाही, त्यांच्या पुतण्यानं केलं. पाचाचे चार व्हायच्या ऐवजी आठ-नऊ झाले.

रुख्मिणी वेशीत उभी राहून ते बघत होती. आधी तिला हसू आलं. कुणा भल्या माणसानं ताज्या ढिगाला काटेरी फांद्यांचं कुंपणसुद्धा घातलं होतं. मग ती घरी आली, चुलीपुढे बसली आणि तिला रडू आलं. स्वतःच्याच सासूला हलवता आलं नाही, तर गावाला कुठल्या तोंडानं सांगायचं? दिवाळी तोंडावर आली होती. सेलूवाल्यांचा फोन येऊन गेला होता. ज्ञानेश्वरीनं पुस्तकं पेटीत ठेवून दिली होती आणि ती काही मागतही नव्हती, हे रुख्मिणीला सगळ्यांत जास्त लागत होतं.

घरी बसल्यापासून सकाळचं शेण काढायचं काम ज्ञानेश्वरीनंच उचललं होतं. गोठा झाडायची, पाटी भरायची आणि वेशीला जाऊन ओतून यायची. गुरं दोनच, तरी तिला यायला फार वेळ लागायचा. रुख्मिणी कामाच्या घाईत असायची, तिच्या ते ध्यानात आलं नाही. बायनाबाईच्या आलं.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी रुख्मिणी करंज्यांचं पीठ मळत होती, तेव्हा सासू आपण होऊन तिच्याजवळ येऊन बसली.

“पोरगी उकंड्यावर लय वेळ थांबायलीय,” ती म्हणाली. “आज मी मागं गेले. रिकामी पाटी घिऊन फाट्याच्या वाटंकडं बघत उभी होती.”

रुख्मिणीनं पीठ मळता मळता मान वर केली.

“मी बी तशीच थांबायचे,” बायनाबाई म्हणाली. “लगीन होऊन आले तवा पंधरा वर्साची होते. आडावर जायचं तर नणंद संगं, रानात जायचं तर सासू संगं. एकली जायाची जागा एकच, उकंडा. पाटी डोक्यावर घितली की कुणी इचारत न्हवतं, कुठं चाललीस, कवा येशील. मी तितं उभं राहून मह्या गावाच्या दिशेला बघायचे. म्हनून तुला न्हाई म्हनले, माय. तेवढंच मह्या एकलीचं होतं.”

रुख्मिणीचे हात पिठातच राहिले. वीस वर्षं ती या बाईच्या हाताखाली वावरली होती आणि तिला हे ठाऊक नव्हतं. सासूचं नाही म्हणणं आपण नुसता जुना हट्ट समजलो, याची तिला मनापासून लाज वाटली. तिनं तसं सांगितलंही. बायनाबाईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि करंजीचं सारण गोड कमी झालंय म्हणाली.

लक्ष्मीपूजनाला बोरदरीत पणत्या लावायचा एक क्रम आहे. उंबरा, तुळस, गोठा, आड, आणि सगळ्यांत शेवटी उकिरडा. तीही लक्ष्मीच. हा शेवटचा दिवा बायका लावतात. पुरुष तेव्हा पूजेच्या आणि फटाक्यांच्या नादात असतात. वेशीजवळचा पहिला दिवा बायनाबाईचा, कारण तिचा उकिरडा सगळ्यांत जुना. ती लावते, मग बाकीच्या लावतात.

दिवस मावळला तशा बायका पणत्या घेऊन निघाल्या. बायनाबाई सगळ्यांच्या पुढे होती, पदरानं वारा अडवत. मागे रुख्मिणी आणि ज्ञानेश्वरी. म्हातारी आपल्या उकिरड्यापाशी आली, घटकाभर थांबली, वाकून त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि पणती न ठेवताच पुढे चालू लागली. मागच्या बायकांना कळेना. रुख्मिणीलाही आधी कळलं नाही. म्हातारी शाळा ओलांडून, फाट्याची वाट धरून सरळ गायरानापर्यंत गेली. आखलेल्या नव्या जागेवर तिनं पणती टेकवली, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

“हितं आता,” ती म्हणाली.

पहिला दिवा लागला होता. क्रम मोडायचा कुणाला धीर झाला नाही. बाकी तीन घरांच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपापल्या पणत्या तिच्या शेजारी ओळीनं ठेवल्या. शिवशंकरच्या बायकोनं ठेवली. ज्या घरांच्या पुरुषांनी नवे ढीग रचले होते, त्या घरांच्या बायका वेशीकडे आल्याच नव्हत्या. त्यांचे खरे उकिरडे गावाच्या दुसऱ्या अंगाला होते, आणि त्या आपला दिवा तिकडेच लावून घरी गेल्या होत्या. नवऱ्यानं चोरून टाकलेल्या शेणाला कोण दिवा लावील?

रात्री जेवणं झाल्यावर गडीमाणसं पारावर जमली तेव्हा त्यांच्या ते लक्षात आलं. गायरानात पाच पणत्या जळत होत्या. वेशीजवळ आठ-नऊ ढीग अंधारात पडले होते आणि एकावरही दिवा नव्हता. दिवाळीच्या दिवशी ज्याला घरच्या लक्ष्मीनं दिवा लावला नाही तो उकिरडा माझा, असं चारचौघांत म्हणायचं कुणी? माणिकरावांच्या पुतण्यानं तोंड उघडलं होतं, पण माणिकरावांनीच त्याला गप्प केलं. पाडव्याच्या सकाळी शिवशंकरनं ट्रॅक्टर आणून सगळे ढीग उचलले आणि कुणी आडवं आलं नाही. काटेरी कुंपण तेवढं कुणीतरी आधीच उचलून नेलं होतं.

आगाराचा माणूस आला, जागा पावलांनी मोजून गेला. निधीतून मुरूम पडला, रोलर फिरला. रामहरीनं सेलूला आपण होऊन फोन केला. पोरगी शिकायलीय, बारावी तरी होऊ द्या, असं तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ बायकोकडे बघणं टाळत राहिला.

गाडी पहिल्यांदा आली त्या सकाळी सगळं गाव वेशीत होतं. नारळ फुटला. माणिकरावांनीही हार घालून घेतला आणि फोटोत ते मधोमध उभे राहिले. रुख्मिणीनं राहू दिलं. ड्रायव्हरनं एका दमात गाडी वळवली, मागं न घेता, आणि तोंड फाट्याकडे करून उभी केली. घरी बसलेल्या त्या दोघी आधी चढल्या, मग ज्ञानेश्वरी, नवी ओढणी घेऊन. पास अजून व्हायचा होता. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन तिच्यापाशी आला आणि त्यानं विचारलं, “कुठं?”

“पालम,” ती म्हणाली.

बायनाबाई खाली खिडकीपाशी उभी होती, हातात रिकामी पाटी. नव्या जागेवरून परस्पर इकडेच आली होती. गाडी हलली, ओढ्याच्या वळणापर्यंत दिसत राहिली. रुख्मिणी सासूजवळ येऊन थांबली. म्हातारी वाटेकडे बघतच म्हणाली, “तिकिटवाल्याशिवाय कुणी इचारलं न्हाई तिला.”

मग तिनं पाटी काखेला मारली आणि दोघी घराकडे वळल्या.